गावकीला सगळे, ग्रामसभेला कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांची जी जागा असते ती मी सकाळच्या चहाबरोबर सगळ्यात आधी वाचते, बातम्या नंतर. पावसाळा लागला की त्यात "सरकार झोपलंय का" असं एक तरी पत्र असतंच, कधी रस्त्यावरून, कधी लाइटवरून, कधी जेट्टीवरून. मी पण मागे असंच एक पाठवलं होतं, आमच्या वाडीच्या साकवावरून (पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल). तुम्ही ते छापलं नाहीत ते बरंच केलंत, आज वाचलं तर मलाच हसायला येईल. त्यात मी आमदार, खासदार, मुख्यमंत्री सगळ्यांना धरून झोडलं होतं आणि जिथे जाऊन तोंड उघडायचा मला कायद्यानेच हक्क दिलाय त्या एका जागी मी तोपर्यंत जन्मात गेले नव्हते.

मी राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात राहते, गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच शिमग्याला भांडणं नकोत. मिस्टर मुंबईला नोकरीला, मी इकडे सासूबाई, दोन म्हशी आणि बचत गट सांभाळून असते. आमची वाडी बावीस घरांची, पऱ्याच्या पलीकडे. दरवर्षी मे संपता संपता वाडीतले पुरुष पोफळीचे ओंडके टाकून साकव बांधतात, आणि जुलैत पहिला मोठा पूर आला की तो हलायला लागतो. शाळेची पोरं त्यावरून जातात. एकदा एक पोरगी सटकली, नशीब की काठावरच्या करंजाच्या मुळ्यांना अडकली, दप्तर मात्र गेलं ते गेलंच. त्याच संध्याकाळी मी ते पत्र लिहायला बसले होते.

पत्राचं काही होईना म्हणून आम्ही चारजणी तालुक्याला आमदारांच्या ऑफिसात गेलो, एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं. तिथला मुलगा बोलायला चांगला होता, चहा पण दिला आणि विचारलं, "ताई, ग्रामसभेचा ठराव आणलाय का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. कसला ठराव? तो म्हणाला, ठराव नसला तर आम्ही कागद पुढे कशाच्या जोरावर पाठवायचा. परत येताना एसटीत मी विचार करत होते की मला शिमग्याच्या पालखीचा मान कुठल्या घराचा, सहाणेवर आधी कोण बसणार, गाऱ्हाणं कोण घालणार हे सगळं पाठ आहे, पण ग्रामसभा कधी असते ते माहीत नाही. अठरा वर्षांची झाले तेव्हापासून म्हणे मी तिची सदस्य आहे, आधी माहेरच्या गावची आणि लग्नानंतर नाव इकडे आल्यावर इकडची, कोणी निवडून द्यावं लागत नाही, मतदार यादीत नाव आलं की झालं.

आता हे तुमच्या वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल, पण आमच्यासारख्यांसाठी सांगते. १९९२ साली ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेचं नाव थेट राज्यघटनेत आहे. पाणी, रस्ते, शाळा, दिवाबत्ती धरून २९ विषयांची यादी पण त्यात जोडलेली आहे, जे राज्याने पंचायतींकडे द्यावेत. त्याच्या आधीपासून आपल्याकडे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा होताच. आणि गंमत म्हणजे आपण "सरकार" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर मंत्रालय येतं नाहीतर दिल्ली, फार तर तहसीलदारांची गाडी. शाळेच्या त्या खोलीत सतरंजीवर बसलेले आपणच सरकारची सगळ्यात खालची पायरी आहोत हे काय डोक्यात येत नाही.

तर २०२३ च्या २ ऑक्टोबरला मी पहिल्यांदा ग्रामसभेला गेले. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, तू कशाला जातेस, तिकडे पुरुषमाणसं बोलत असतात." गेले. गावात मतदार ९४०. कायद्यात कोरम आहे, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. म्हणजे आमच्याकडे शंभर डोकी पाहिजेत. मी मोजली, चौतीस. त्यातले चार जण रेशनच्या थंबसाठी आले होते आणि गर्दी बघून बसले. अर्धा तास झाला, भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं (ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणतात, पण आमच्यासाठी ते भाऊसाहेबच) आणि म्हणाले कोरम नाही, सभा तहकूब. सगळे उठून चालायला लागले, कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं झालं, आता परत तीन महिने थांबायचं. तर बाजूची अंगणवाडी ताई हळूच म्हणाली, थांबायचं कशाला, पुढच्या बुधवारी परत लागेल, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही.

हे वाक्य मला घरी जाऊन कळलं. कोरम लागत नाही म्हणजे पाच माणसं आली तरी सभा कायदेशीर आणि त्या पाच माणसांनी हात वर केला की तो अख्ख्या गावाचा निर्णय.

बुधवारी गेले तर सतरा माणसं. सरपंच आणि सात मेंबर धरून आठ, भाऊसाहेब, शिपाई, अंगणवाडी ताई, आमच्या वाडीतल्या आम्ही तिघी आणि तीन जण असे की ज्यांच्या ओळखीत कामांचे ठेके जातात, एवढंच बोलते. या सतरा जणांत गावाच्या वर्षभराच्या आराखड्यावर बोलणं झालं. कुठल्या वाडीला पाइपलाइन, कुठे गटार, कुठे स्ट्रीटलाइट. अर्धा पाऊण तास. ९४० मतदारांच्या गावाचं वर्ष पाऊण तासात. आणि मला राग यायचा तो त्या सतरा जणांवर येईना, ते बिचारे आले तरी होते.

आता गावकीचं, म्हणजे गावातल्या घरांच्या जुन्या रीतीच्या बैठकीचं बघा. त्याच गावात होळीच्या आधी गावकीची बैठक लागते ना, देवळात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईचं मंडळ रात्रीची गाडी करून येतं. हिशोब वाचला जातो, पाच रुपये इकडचे तिकडे झाले तर आरडाओरडा होतो, न येणाऱ्याला दंड बसतो. तो साकव तरी कोण बांधतं, गावकीच बांधते, फुकट, घरटी एक माणूस. तेव्हा आमच्या लोकांना एकत्र बसता येत नाही, हिशोब कळत नाही, विचारता येत नाही असं जे शहरातले लोक म्हणतात ते साफ खोटं आहे. मला गावकीला नावं ठेवायची नाहीत, मयताला आणि पुरात तीच धावते. पण तिथे बाई बसत नाही. तिथे मान घराण्याने मिळतो. बौद्धवाडीतलं कोणी तिथे बोलताना मी बघितलेलं नाही. आणि गावकी वाकड्यात गेली की वाळीत टाकायची भीती असते, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला तरी मनातली भीती काय एका कायद्याने जात नाही, रायगडात तर अशा केशी किती झाल्या ते पेपरातच वाचलंय. ग्रामसभेत मात्र मानकऱ्याचा आणि माझा हात सारखाच मोजतात. कदाचित म्हणूनच ती कोणाला भरायला नको असेल, हे माझं मत, चुकलं असेल तर सांगा.

हे मानाचं आणि जमिनीचं गणित आपल्या कोकणात जुनंच आहे. सासूबाई अजून "खोतांच्या परड्यातला आंबा" म्हणतात, खोती, म्हणजे खोतांची शेतसारा वसुलीची सत्ता, गेली १९४९ च्या कायद्याने, त्याच्या आधी अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून पाच-सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, आणि बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं होतं. म्हणजे कायदा वरती झाला खरा पण त्याची सुरुवात खाली भातखाचरात बसून झाली होती.

आणि ठरावाचं म्हणाल तर महाडचं उदाहरण मला फार लागतं, मुंबईला जाताना गाडी महाडला थांबली की आठवतंच. १९२३ साली समाजसुधारक सी. के. बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात ठराव करून घेतला की सरकारी खर्चाची तळी, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने पण ठराव केला, चवदार तळं सगळ्यांना खुलं. दोन दोन ठराव, शिक्क्यासकट. आणि पाणी? १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले तेव्हा कुठे तो ठराव हलला, त्यावर परत कोर्टकचेरी झाली ती १९३७ ला हायकोर्टात निकाल लागेपर्यंत. ठराव नसता तर कोर्टात उभं राहायला पाय नसता, आणि माणसं चालत गेली नसती तर ठराव फायलीतच कुजला असता. आमच्या साकवाची त्याच्याशी बरोबरी नाही करत, तेवढी अक्कल आहे मला. पण ठराव करून घरी बसायचं नसतं हे मी तिथून शिकले.

आता साकवाचं पुढे सांगते. बुधवारच्या सभेत मी उभी राहिले, पाय लटपटत होते, विषय मांडला. कोणी विरोध केला नाही. सरपंच आमच्या बाईच आहेत, २०११ पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत त्याच्यामुळे. माईक मात्र त्यांचे मिस्टर धरतात. यावरून लोक हसतात पण मला तिच्यावर हसवत नाही, तिला कोणी शिकवलंच नाही, निवडून आल्यावर हातात शिक्का दिला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतः बोलली, म्हणाली माझं माहेर पण पऱ्यापलीकडचं आहे, ठराव लिहा. भाऊसाहेबांनी लिहिला.

मग कळलं की एवढा साकव ग्रामपंचायतीच्या पैशात बसतच नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा तेव्हा यायचा त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता, बंधित म्हणतात त्याला, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळं गाव. लहान गावाला येऊन येऊन किती येणार. साकवासारखं मोठं काम म्हटलं की झेडपी नाहीतर जिल्हा नियोजन समिती, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी सरपंचाला एवढी वर्षं शिव्या दिल्या नसत्या. आपल्याकडे सगळा गोंधळ याचाच आहे. हायवेच्या खड्ड्यावरून लोक सरपंचाला धरतात, तो रस्ता दिल्लीच्या अखत्यारीतला. खाडीचं पाणी शेतात शिरलं तर ग्रामपंचायतीत येऊन भांडतात, बंधारा खारलँडवाल्यांचा. जेट्टी मेरीटाइम बोर्डाची, लाइट महावितरणची. आणि नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, घरपट्टीचं काय केलंत, हे जे खरोखर ग्रामपंचायतीला विचारायचं ते आमदाराला विचारतात. आमदाराचं खरं काम विधानसभेत बसून कायदे करायचं, बजेटवर प्रश्न विचारायचं. आपण त्याला सभामंडपावर आणि क्रिकेटच्या चषकावर मोजतो, मग तो पण तेवढंच करतो, त्याचं काय चुकलं. याच आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते दिल्लीला पाठवले होते. नाथ पैंनी तर घटना दुरुस्त करायचा संसदेचा अधिकार यावर स्वतःचं बिल मांडलं होतं, आणि त्यांना मत देणारी माणसं भात लावणारीच होती ना.

जरा भरकटले. तर ठराव झेडपीकडे गेला. मी म्हटलं आपल्या गटाचा झेडपी मेंबर गाठूया. तर मेंबरच नव्हता! मार्च २०२२ ला झेडपीची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही, आरक्षणाची केस कोर्टात, तोपर्यंत प्रशासक. म्हणजे साहेब होते, ऑफिस होतं, खुर्च्या होत्या, पण ज्याला मी मत दिलंय आणि पुढच्या वेळी नाही देणार असं सांगू शकते असा एक पण माणूस त्या इमारतीत नव्हता. तीन वर्षं उलटली तरी तेच. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत या निवडणुका घ्या. आमच्या गावात या गोष्टीवर कट्ट्यावर एक शब्द निघाला नाही. क्रिकेटची टीम जाहीर व्हायला दोन दिवस उशीर झाला तर काय काय बोलतात.

तेवढ्यात एका शिकलेल्या पोराने मला माहितीचा अर्ज करायला शिकवलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साध्या कागदावर, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मी ग्रामसभांची प्रोसिडिंग मागितली. त्यात महिला सभेच्या नोंदी बघितल्या, ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते तिच्या, आणि तिथे माझीच सही होती. तीन वेळा. सभेला मी कधी गेले नव्हते पण शिपाई वही घेऊन घरी यायचा, "वैनी सही करा, ऑफिसला पाठवायचंय," आणि मी पिठाचे हात पुसून सही करायचे, कशावर ते न वाचता. तेव्हा फसवणूक कोणी केली म्हणून बोंब मारायची तर आधी माझ्याच नावाने मारली पाहिजे. त्या दिवसापासून वही दारात आली की मी म्हणते, सभा कधी आहे सांग, तिथे येऊन करते. पहिल्यांदा रागावला, आता आधी तारीख सांगतो.

एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, ग्रामसभा म्हणजे जादूची कांडी नाही. नाणारच्या वेळी आमच्याच तालुक्यातल्या गावांनी रिफायनरीच्या विरोधात ठराव केले, तेव्हा ग्रामसभा कशा भरायच्या ते सगळ्यांनी बघितलंय, बाहेर उभं राहायला जागा नसायची. रिफायनरी चांगली की वाईट यात मी पडत नाही, आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण कायद्याने ते ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. तिकडे पालघरला जव्हार मोखाड्यात १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा आहे, तिथे ग्रामसभेला जास्त अधिकार, आपल्याकडे तेवढे नाहीत. तरी सरकारला २०१९ च्या मार्चमध्ये नाणारचं भूसंपादन रद्द करावं लागलं, ते काय नुसत्या पेपरातल्या पत्रांनी झालं नाही, आणि निवडणूक तोंडावर होती हे पण विसरायला नको. माझं एवढंच विचारणं आहे की रिफायनरीला जे गाव रात्री कंदील घेऊन जमतं ते नळाच्या पाण्याला का जमत नाही? संकट मोठं असलं की येणार आणि बजेट असलं की झोपणार?

मुंबईकरांना पण एक सांगायचंय. तुमच्यातल्या पुष्कळांची नावं गावच्या यादीत आहेत, मतदानाला कोणीतरी गाडी करतं, तुम्ही येता, बोटाला शाई लावून कोंबडी-वडे खाऊन रात्री परत. आणि ग्रामसभेच्या दिवशी तुम्ही बोरिवलीत. जिथे राहता तिथे नाव लावा, कायद्याने दोन ठिकाणी ठेवता येत नाही, आणि इकडेच ठेवायचं असेल तर १ मे ला आंबे काढायला येताच की, त्या दिवशी सभा पण असते, पेटी भरायच्या आधी दोन तास या. येऊ शकत नसाल तर गावचा आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर मोबाईलवर दिसतो, कामाचं नाव, रक्कम सगळं. माझ्या मुलाने मला दाखवलं, त्यात आमच्या वाडीच्या नावावर एक काम झालेलं दिसतंय जे वाडीत कोणाला सापडत नाहीये. ते आम्ही पुढच्या सभेत विचारणार आहोत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

साकव अजून झालेला नाही. इंजिनिअर येऊन माप घेऊन गेले, एस्टिमेट झालं, यादीत नंबर लागलाय असं सांगतात. गेल्या मे महिन्यात परत पोफळीचेच ओंडके पडले, फक्त या वेळी दोन्ही बाजूंना दोर बांधला, त्याचा खर्च बचत गटाने दिला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस काल बोर्डावर लागली, सात दिवस आधी लावायची असते ती पहिल्यांदाच वेळेवर लागली. झेंडावंदनानंतर अकरा वाजता. आमच्या वाडीतून नऊजणी येते म्हणाल्यात, बौद्धवाडीतून सहा, आणि सासूबाई पण येणार आहेत, फक्त त्यांना खुर्ची लागेल. शाळेत सतरंज्या दोनच आहेत म्हणून देवळातल्या चार आदल्या दिवशी आणून ठेवायचं ठरलंय, गावकीने परवानगी दिली आहे.

आपली,
एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी